छपराची गळती : शोध आणि दुरुस्ती

ज्वारी, बाजरी, भुईमूग आणि पुढील हंगामाचे बी घरात येऊन पडले म्हणजे पीक हाती आले, असे समजण्याची रीत आहे. वस्तुतः मृगापासून हस्तापर्यंतचे चार महिने हे सारे धान्य केवळ छपराच्या भरवशावर असते. धुळे शहराच्या उत्तर अंगास, पांझरेच्या पलीकडल्या काठावर वसलेल्या देवपुरात व त्या परिसरातील खेड्यांत एकाच घराला दोन, कधी तीन तऱ्हांची छपरे आढळतात. पुढील जुना भाग मातीच्या धाब्याचा, मागील पडवी पत्र्याची आणि अलीकडे बांधलेली एखादी खोली सिमेंटच्या स्लॅबची. प्रत्येक छपराची गळण्याची तऱ्हा निराळी. परंतु गळती शोधण्याची पद्धत मात्र पुष्कळशी एकच आहे, आणि तीच सहसा पाळली जात नाही.

सन १८७२ मध्ये पांझरेला आलेल्या महापुराने धुळ्यातील घरांचे व मालमत्तेचे मोठे नुकसान केले. असा पूर सर्वांच्या स्मरणात राहतो. छपरातून थेंब-थेंब येणारे पाणी कोणाच्या स्मरणात राहत नाही. पण मातीच्या घराला ते दर वर्षी थोडे थोडे पाडीत असते.

हे पाणी किती असते त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट छपरावर २५ मिलिमीटरची एक सर येऊन गेली, तर त्या छपराने १,२५० लिटर पाणी झेललेले असते. पंधरा लिटरचे ऐंशीहून अधिक हंडे भरतील इतके हे पाणी आहे. त्यातील शंभरावा भाग जरी आत शिरला, तरी बारा लिटर पाणी धान्याच्या कणगीवर किंवा पोत्यांवर पडले असे होते. खानदेशात पाऊस कमी, म्हणून छपराची काळजी कमी, ही समजूत बरोबर नाही. येथील पाऊस कमी असला तरी तो पुष्कळदा थोड्या वेळात आणि वाऱ्यासह येतो.

ठिबक तेथे भोक नसते

गळतीच्या दुरुस्तीत सर्वांत अधिक श्रम व पैसा वाया जातो तो एका चुकीच्या कल्पनेमुळे. ज्या ठिकाणी थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असणार, असे धरून मनुष्य छपरावर चढतो आणि अंदाजाने तेथे डांबर किंवा सिमेंट थापून खाली उतरतो. पुढच्या पावसात पाणी पुन्हा तेथेच ठिबकते. याचे कारण असे की पाणी आत शिरल्यावर लगेच खाली पडत नाही. पत्र्याच्या पोटाला चिकटून ते उताराने वाहत जाते आणि एखादी आडवी दांडी, बोल्टचे टोक किंवा पत्र्याची कड लागली की तेथे अडून खाली पडते. धाब्यात तर ते मातीच्या थराखाली काटक्यांतून हिंडते व एखाद्या कडीच्या अंगाने भिंतीपर्यंतही जाते. म्हणून भोक शोधावयाचे ते थेंबाच्या जागेपासून उताराच्या वरच्या बाजूस. थेंबाच्या खालच्या बाजूस भोक सापडणे जवळजवळ अशक्य असते, कारण पाणी चढत नाही. अपवाद एकच : जोराच्या वाऱ्याने पाणी पत्र्यांच्या जोडातून थोडे वर ढकलले जाते.

पाऊस चालू असताना छपरावर चढू नये. त्या वेळी करावयाचे काम घराच्या आत आहे. थेंब पडतो तेथे जमिनीवर आणि शक्य असल्यास वर दांडीवरही गेरूने किंवा खडूने खूण करावी. पावसाबरोबर वारा कोणत्या दिशेचा होता हे ध्यानात ठेवावे. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ठिबक सुरू झाली आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ चालू राहिली, हेही पाहावे. लगेच सुरू होऊन लगेच थांबणारी ठिबक बहुधा पत्र्यातील भोकाची असते. उशिरा सुरू होऊन पुष्कळ वेळ चालणारी ठिबक म्हणजे कोठेतरी पाणी साचलेले आहे. एवढ्या नोंदीने निम्मा शोध घरबसल्या लागतो.

उघडीप मिळाल्यावर पत्र्याच्या खोलीची दारे-खिडक्या लावून भर दुपारी आत अंधारात काही वेळ उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की गंजाची बारीक भोके उजेडाच्या ठिपक्यांप्रमाणे दिसू लागतात. जोडातील फटी मात्र अशा दिसत नाहीत. त्यांसाठी पाण्याची परीक्षा घ्यावी लागते. हे काम दोघांचे आहे. एकाने शिडीवरून नळीने किंवा झारीने पाणी सोडावे व दुसऱ्याने आत राहून हाक द्यावी. पाणी सोडण्यास वळचणीपासून, म्हणजे सर्वांत खालच्या कडेपासून आरंभ करावा. हात-दीड हात रुंदीच्या पट्ट्यावर पाच ते दहा मिनिटे पाणी सोडून मगच वर सरकावे. पुष्कळजण आढ्यापासून आरंभ करतात. तसे केल्यास सारे छप्पर एकदम भिजते आणि पाणी कोणत्या जोडातून आले ते कळण्यास मार्ग राहत नाही. खालून वर जाताना ज्या पट्ट्यावर आतून पहिली हाक येईल, दोष त्याच पट्ट्यात आहे.

हिवाळ्यातील एक फसवी गळती येथेच सांगितली पाहिजे. थंडीच्या दिवसांत पहाटे पत्र्याच्या गोठ्यात पाणी ठिबकते. पाऊस तर नसतो. जनावरांच्या श्वासातील व ओल्या चाऱ्यातील बाष्प थंड पत्र्याला लागून त्याचे पाणी होते, त्याचा हा परिणाम आहे. अशी ठिबक एका जागी नसून साऱ्या पत्र्यावर सारखी असते. तिला डांबराचा उपाय नाही. भिंतीच्या वरच्या बाजूस वारा खेळता ठेवला म्हणजे ती थांबते.

मातीचे धाबे

धाब्यावर खारी माती घालण्याची वहिवाट जुनी आहे व तिच्यामागे शास्त्र आहे. क्षारयुक्त मातीचे बारीक कण पाणी लागताच सुटे होऊन मातीतील छिद्रांत बसतात, त्यामुळे वरचा थर पाणी आत घेईनासा होतो. शेतात जो दोष, तोच छपरावर गुण ठरतो. याच्या उलट काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. जवळ मिळते म्हणून शेतातील काळी माती धाब्यावर टाकणे म्हणजे पुढील सरीला वाट करून ठेवणे होय.

धाब्याची तपासणी आखाजीनंतर व मृगापूर्वी करावी. गवताची मुळे, उंदरांची बिळे, मुंग्यांची वारुळे, कठड्याच्या कडेने पडलेली भेग आणि पाणी साचेल असा खोलगट भाग, ही पाहण्याची मुख्य स्थळे होत. गवत वरवर कापून भागत नाही. मूळ तसेच राहिले तर त्याच्या अंगाने पाणी खाली उतरते. भेगेवर नुसता हात फिरवून ती लिंपू नये. ती चार बोटे रुंद उकरावी, सैल माती काढावी, पाणी शिंपडावे आणि मग भुसा घालून काही दिवस कुजविलेला खाऱ्या मातीचा गारा भरावा. गारा अर्धवट वाळला असता चोपण्याने ठोकावा. ओला असताना ठोकल्यास तो पसरतो, वाळल्यावर ठोकल्यास तडकतो. पन्हाळीकडे दहा फुटांस निदान तीन-चार इंच उतार असावा. पन्हाळ भिंतीबाहेर एक फूट तरी पुढे आलेली हवी. नाही तर धाब्यावरून सुखरूप उतरलेले पाणी मातीची भिंत खात बसते.

आता धाब्याचा खरा धोका. दर वर्षी गळती थांबविण्यासाठी जुन्या मातीवर नवी माती घालण्यात येते. जुनी काढली जात नाही. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवरील सहा इंच जाडीच्या ओल्या मातीचे वजन पावणेतीन ते तीन टन भरते. त्यावर दर वर्षी एक इंच माती वाढविली, तर सुमारे साडेचार ते पाच क्विंटल भार वाढतो. म्हणजे पाच वर्षांत वीस ते पंचवीस क्विंटल. कड्या मात्र त्याच राहतात, आणि त्यांची भिंतीत रोवलेली टोके गळतीने ओली राहून कुजत असतात. वरून कडी साबूत दिसते. टोक पोकळ झालेले असते. म्हणून जितकी नवी माती घालावयाची तितकी जुनी आधी उतरविलीच पाहिजे. प्रत्येक कडीच्या टोकाजवळ दाभण किंवा पटाशी टोचून पाहावी. ती सहज आत गेली, भुसा निघाला किंवा वाळवीची माती दिसली, तर त्या कडीखाली लगेच टेकू द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी ती बदलावी.

झड लागली असताना छतातून मातीचे कण सारखे गळू लागले, लाकडाचा कट-कट आवाज येऊ लागला, कडी वाकलेली दिसली किंवा एरवी नीट लागणारे दार अडकू लागले, तर त्या खोलीत कोणीही झोपू नये. धान्य काढण्यासाठीही आत थांबू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी ही चार लक्षणे घरातील स्त्रियांना अवश्य सांगावीत. दिवसाचा बराच वेळ छपराखाली त्याच असतात आणि बदल प्रथम त्यांच्याच नजरेस येतो.

धाब्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याची पद्धत आता सर्वत्र दिसते. एका पावसाळ्याची निकड म्हणून ती ठीक आहे. परंतु उन्हाने कागद लवकर तडकतो आणि फाटलेल्या जागेतून शिरलेले पाणी कागदाखाली कोंडून राहते. ते वाळत नाही, लाकूड मात्र कुजते. पावसाळा संपताच कागद काढून धाब्याला ऊन दाखवावे.

नालीदार पत्रा

पत्रा स्वतः क्वचितच गळतो. गळतात ते त्याचे जोड आणि बोल्ट. याचे कारण खानदेशच्या उन्हात आहे. पोलादी पत्रा उष्णतेने वाढतो व थंडीने आकसतो. तीन मीटर लांबीच्या पत्र्याच्या तापमानात दिवसरात्रीत ४० अंशांचा फरक पडला, तर त्याच्या लांबीत सुमारे दीड मिलिमीटर फरक पडतो. ही हालचाल रोजची आहे. तिच्यामुळे बोल्टचे भोक हळूहळू लांबट होते, डांबरी किंवा रबरी वायसर उन्हाने कडक होऊन फुटतो आणि पाण्याला वाट मिळते.

म्हणून प्रथम प्रत्येक बोल्ट पाहावा. बोल्ट नेहमी नालीच्या उंचवट्यावर हवा. नालीच्या तळाशी, जेथून पाणी वाहते तेथे, बोल्ट ठोकलेला असेल तर तो आज ना उद्या गळणारच. असा बोल्ट काढून भोक बुजवावे व नवा बोल्ट उंचवट्यावर घ्यावा. फुटलेले वायसर बदलून टोपीदार वायसरसह बोल्ट बेताने आवळावा. फार आवळल्यास पत्रा दबून भोवती खळगा होतो व त्यात पाणी साठते. बोल्टला शंभर रुपयांचे डांबर फासण्यापेक्षा त्याचा वायसर बदलणे स्वस्त पडते.

मग जोड पाहावेत. खालच्या पत्र्यावर वरचा पत्रा निदान सहा इंच चढलेला असावा. उतार कमी असेल तर त्याहून अधिक. बाजूचा जोड दीड ते दोन नाल्यांचा हवा. खर्च वाचविण्यासाठी एकाच नालीचा जोड दिला जातो आणि पश्चिमेकडील वाऱ्याच्या सरीत तेथून पाणी आत येते. पावसाळी वारा येथे मुख्यत्वे पश्चिम व नैर्ऋत्य दिशेचा असतो. त्यामुळे बाजूच्या जोडाची उघडी कड पूर्वेस येईल अशा रीतीने पत्रे चढवावेत, म्हणजे त्यांची मांडणी पूर्वेकडून सुरू करावी. बसविलेले पत्रे उलटे असतील तर ते सर्व काढण्याची गरज नाही. जोड थोडा उचलून आतील धूळ व गंज साफ करावा, दोन्ही पत्र्यांच्या मध्ये ब्यूटिल रबराची चिकट पट्टी घालावी आणि जोड पुन्हा आवळावा. पट्टी जोडाच्या आत असावी. बाहेरून चिकटविलेली पट्टी एक-दोन उन्हाळ्यांत सुटते.

गंजाची भोके बुजविताना तारेच्या ब्रशाने गंज पूर्ण काढून, पत्रा कोरडा करून, गंजरोधक रंगाचा हात द्यावा. त्यावर पत्र्याचे ठिगळ किंवा जाड कापडासह डांबरी लेप बसवावा. पत्र्यावर सिमेंट लावण्याचा प्रघात सोडून द्यावा. सिमेंट पत्र्याबरोबर वाढत-आकसत नाही, म्हणून ते सुटते. शिवाय ओले सिमेंट जस्ताचा मुलामा खाते. बाजारातील सिलिकोनही पाहून घ्यावे. आंबट, सिरक्यासारखा वास येणारे सिलिकोन जस्ताच्या पत्र्याला अपायकारक असते. कोणताही लेप धुळीवर, ओलीवर किंवा जुन्या सुटलेल्या लेपावर लावला तर तो टिकत नाही. दुरुस्तीत जेवढा वेळ लेप लावण्यास लागतो, त्याच्या दुप्पट वेळ साफसफाईस लागला पाहिजे.

वादळात पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवतात. दगडाखाली पालापाचोळा व ओल साठून नेमके तेथेच पत्रा सडतो, आणि मोठ्या वादळात दगडच खाली येऊन माणसांना व जनावरांना इजा करतो. वारा लागणाऱ्या कडेला बोल्टांची संख्या वाढविणे हाच योग्य उपाय होय.

देवपुरासारख्या ठिकाणच्या मिश्र घरांत सर्वांत हट्टी गळती असते ती जुनी मातीची भिंत व नवी पत्र्याची पडवी यांच्या सांध्यात. पत्रा भिंतीला नुसता टेकवून वर गारा किंवा सिमेंट थापलेले असते. पत्रा हलतो, भिंत हलत नाही. मग तेथे केसाएवढी भेग पडते आणि भिंतीवरून ओघळणारे सारे पाणी तिच्यात शिरते. ही गळती पुष्कळदा धाब्याची समजून दर वर्षी धाब्यावर माती चढविली जाते! येथे भिंतीत पत्र्याच्या वर सुमारे सहा इंचांवर एक-दीड इंच खोल आडवी खाच घ्यावी. पत्र्याची एक पट्टी वाकवून तिची वरची कड खाचेत बसवावी व चुन्याने खाच भरावी. पट्टीची खालची कड छपराच्या पत्र्यावर मोकळी टेकू द्यावी, तिला जखडू नये. म्हणजे पत्रा खालून सरकला तरी सांधा उघडत नाही.

सिमेंटच्या पत्र्यांविषयी सावधगिरीचे दोन शब्द. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे. असा पत्रा कोरडा घासू नये, कापू नये. तो जुना झाला म्हणजे माणसाचे वजनही पेलत नाही. त्यावर पाय देताच फुटून मनुष्य थेट खाली जमिनीवर येतो. वर जाणे भागच असेल तर खालच्या दांड्यांवर भार येईल अशा लांब फळ्या टाकून त्यांवरून जावे, आणि एकट्याने कधीही जाऊ नये. फेब्रुवारी-मार्च २०१४ सारखी गारपीट होऊन गेल्यावर या पत्र्यांना पडलेल्या बारीक चिरा खालून ओलीच्या रेघांवरून ओळखता येतात.

स्लॅबची गळती बहुधा कठड्याच्या सांध्यातून किंवा तुंबलेल्या पन्हाळीतून होते. निंबाचा पाला वेळीच काढला तर निम्मे काम होते.

भाजीपाला वाहणाऱ्या बंद टेम्पोच्या किंवा प्रवासी गाडीच्या टपालाही हीच रीत लागू पडते. तेथे उन्हाच्या जोडीला रस्त्याचे हादरे असतात, म्हणून रिव्हेट, सामानाच्या जाळीचे बोल्ट आणि वायुवीजनाच्या झडपेची कड प्रथम पाहावी. आतून अस्तर असल्याने पाणी शिरल्या जागेपासून पुष्कळ दूर बाहेर पडते. गाडी एका बाजूस थोडी उंच उभी करून खालच्या बाजूकडून वर पाणी सोडावे. जुना लेप खरवडून काढल्यावाचून नवा लावू नये.

वीज असलेल्या घरात गळती तारेजवळ, मीटरजवळ किंवा दिव्याच्या खटक्याजवळ असेल, तर प्रथम मुख्य खटका बंद करावा व मगच पत्र्याला किंवा शिडीला हात लावावा. ओला पत्रा आणि उघडी तार यांची गाठ पडली म्हणजे सारे छप्पर विजेचे होते.

भिजलेले धान्य

गळती उशिरा ध्यानात आली आणि पोते भिजले, तर ते तसेच दडपून ठेवू नये. भिजलेला भाग त्याच दिवशी वेगळा करून पातळ पसरावा व पुन्हा पुन्हा हलवून वाळवावा. ज्वारी साठविण्यायोग्य होण्यास तिच्यातील ओलावा बारा टक्क्यांपर्यंत, तर भुईमुगाच्या शेंगांतील ओलावा आठ-नऊ टक्क्यांपर्यंत उतरला पाहिजे. बुरशी धरलेला भुईमूग माणसाने खाऊ नये आणि जनावरांसही घालू नये. त्या बुरशीचे विष भाजल्याने किंवा शिजविल्याने पुरते जात नाही, आणि पेंडीतून ते दुधात उतरते. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. म्हणजे ओल खालून आली की वरून, हे लगेच ओळखता येते.

बियाणे भिजले असेल तर ते वाळल्यावर वरून चांगले दिसते आणि येथेच फसगत होते. पेरणीपूर्वी निवड न करता शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत व गोणपाट ओलसर राखावे. ज्वारीचे दाणे आठ-दहा दिवसांत पूर्णपणे मोजता येतात. प्रमाणित ज्वारी बियाण्याची उगवण निदान ७५ टक्के व भुईमुगाची ७० टक्के असावी लागते. आपले शंभरांपैकी साठ दाणे उगवले, तर बियाण्याचे प्रमाण त्या हिशेबाने वाढवावे. पन्नासाहून कमी उगवले, तर ते बी पेरू नये आणि मृग लागण्यापूर्वीच दुसऱ्या बियाण्याची तजवीज करावी.